एसी चालू, पण खोली गार होईना

परभणीत मे महिन्यात पारा 43-44 ला टेकतो. नेमका तेव्हाच आमचा दीड टनाचा एसी नुसता वारा फेकू लागला. रात्री आई उठून ओल्या पंच्याने अंग पुसायची, ते बघवत नव्हतं.

मेकॅनिक आला, एसीच्या तोंडापाशी हात धरला अन् म्हणाला, "गॅस संपलाय, भरून टाकू." मला पटलं नाही. गॅस बंद नळ्यांतच फिरतो, पेट्रोलसारखा जळून जात नाही. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती. ती न शोधता भरला तर पुन्हा जाणारच.

आतली जाळी मी पंधरा दिवसांला धुतोच. म्हणून गच्चीवर गेलो. बाहेरच्या युनिटच्या मागच्या बारीक पात्यांवर धूळ अन् जिनिंगकडून, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्याकडून, उडून आलेला कापूस यांचा थर बसला होता. नखानं ओढला तर दुधावरच्या सायीसारखी अख्खी पट्टीच हातात आली. खोलीतली उष्णता बाहेर पडते ती इथूनच, अन् तीच वाट बुजलेली!

मेन स्विच बंद केला. मऊ ब्रश उभाच फिरवला, आडवा फिरवला तर पाती वाकतात. मग पाइपानं हलकं पाणी सोडलं, वायरींची बाजू सांभाळून. तासभर वाळू दिलं.

आधी एसीतून 24 अंशांची हवा येत होती, नंतर 15 ची. त्या रात्री आईनं पहाटे चादर ओढून घेतली.

आता युनिटवर सावलीला पत्रा टाकलाय, पण मागं-पुढं हवेला जागा मोकळी ठेवून.