लोणच्याला कोहिकी नको! छोटी जपानी सिरॅमिक घेताना-वापरताना या चुका टाळा

मी नागोयात राहते. सेतो इथून लोकलने जेमतेम पाऊण तास. जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांच्या गावांपैकी हे एक. चिनीमातीच्या भांड्यांना जपानीत सर्रास ‘सेतोमोनो’ म्हणतात, म्हणजे सेतोची वस्तू, तेच हे गाव. त्यामुळे पुण्याहून कोणी आलं की त्यांना सेतोला नेणं आपसूक माझ्याकडे येतं. आल्यावर सगळ्यांना हवं असतं तेच: छोटंसं, हातानं केलेलं, बॅगेत मावणारं. मामेझारा म्हणजे तळहातावर मावणारी बशी, गुइनोमी म्हणजे साकेचा, तांदळाच्या जपानी मद्याचा पेला, हाशिओकी म्हणजे चॉपस्टिक टेकवायचा ठोकळा, नाहीतर एका फुलाची फुलदाणी. घेतानाच्या आणि घरी नेल्यानंतरच्या चुकाही त्याच त्याच. बऱ्याचशा मी स्वतः करून बसले आहे.

सगळ्यांत जास्त जीव खाणारी चूक म्हणजे नवी बशी पिशवीतून काढली की थेट ताटात. पहिल्या वर्षी मी आईसाठी कोहिकीची एक मामेझारा नेली होती. कोहिकी म्हणजे गडद मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप आणि वर पारदर्शक झिलई. दिसायला सायीसारखी मऊ, पण पाणी पिते. कित्येकदा झिलईत केसाएवढ्या भेगांची जाळीही असते. तिला कान्न्यू म्हणतात. तो दोष नाही, लोक मुद्दाम तशी भांडी शोधतात. आईनं बशी पाहिली आणि म्हणाली, “अगं, ही तर लोणच्याचीच!” मापानं तिचं बरोबरच होतं. कैरीच्या लोणच्याची फोड अर्धा तास बशीत राहिली. उचलली तेव्हा खाली पिवळं कोळ्याचं जाळं उमटलेलं. आईनं आधी भांड्याच्या साबणानं घासली, मग लिंबू, मग सोडा. शेवटी गच्चीत उन्हात ठेवली. चार दिवसांत हळद उडाली, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. पण तेलाचं कडं आणि मोहरीचा वास आत बसला तो बसलाच. आता ती बशी देव्हाऱ्यात कुंकवाला आहे.

यावरचा उपाय म्हणजे मेदोमे, म्हणजे मातीची बारीक छिद्रं बुजवणं. ते आपल्या स्वयंपाकघरात सहज होतं. तांदूळ धुतल्याचं पांढरं पाणी पातेल्यात घ्या, त्यात भांडं थंड असतानाच पूर्ण बुडवा, मंद आचेवर उकळी आणा आणि वीसेक मिनिटं ठेवा. मग गॅस बंद करून पाण्यातच निवू द्या. स्टार्च बारीक छिद्रांत जाऊन बसतो. ‘निवू द्या’ हे मी दोनदा लिहायला तयार आहे, कारण घाईनं गरम बशी नळाखाली धरणारे मी पाहिले आहेत आणि तडकण्याचा तो आवाजही ऐकला आहे. त्यानंतर दोन दिवस उघड्यावर वाळवा. ओलसर बशी कपाटात ठेवली तर बुरशी येते आणि तिचा वास लोणच्यापेक्षा वाईट. अरिता गावच्या भांड्यांसारख्या पोर्सेलिनला, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या पांढऱ्या चिनीमातीला, हे काहीच लागत नाही, ते पाणी पीतच नाही.

मेदोमे केलं म्हणून बशी अभेद्य होत नाही. मी दर वेळी वाढण्याआधी बशी दहा मिनिटं साध्या पाण्यात ठेवते आणि पुसून घेते. आधीच पाणी प्यायलेली माती तेल कमी ओढते. हळदीचं काही असेल तर सरळ पोर्सेलिन. हट्ट करू नये.

“एवढ्याशा पेल्याला एवढे पैसे?” हा प्रश्न कलाकाराच्या स्टॉलवर मोठ्यानं, मराठीत असला तरी, विचारू नका. सूर कळतो. कुंभार चाकावर मातीचा मोठा गोळा ठेवतो आणि त्याच्या टोकातून एकेक पेला काढतो. प्रत्येकाचं तोंड आणि खोली बांबूच्या तोंबोनं मोजतो. आडवी काडी लावलेली ही काठी चतुरासारखी दिसते, म्हणून तिला चतुराचंच नाव. वाळल्या-भाजल्यावर माती दहा टक्क्यांहून जास्त आकसते, तो हिशेब आधीच धरावा लागतो. वर प्रत्येकाची बुडाची कडी वेगळी कोरायची. मोठ्या वाडग्याला हीच कामं लागतात, इथं फक्त बोटं अडचणीत. लंडनमध्ये काम करणारे युता सेगावा बोटाच्या पेरांएवढी भांडी चाकावर घडवतात. एकदा ती पाहा आणि मग घासाघीस करा.

सहाचा सेट मागू नका. जपानी सेट पाचाचा असतो. आणि हातानं केलेल्या पाच बश्या तंतोतंत सारख्या निघाल्या तर उलट शंका घ्या.

उचलताना अंगठी, बांगड्या काढा, दोन्ही हातांनी धरा. बूड जरूर पाहा, इथले लोकही पाहतात. खरखरीत असेल तर घरी बारीक पॉलिशपेपर फिरवा, नाहीतर टेबलावर ओरखडे.

लाकडी खोका फेकू नका. झाकणावर कलाकाराची सही-शिक्का असेल तर तो त्या वस्तूचाच भाग आहे.

सोनेरी-रुपेरी नक्षी मायक्रोवेव्हमध्ये नको. डिशवॉशरमध्ये हलकी भांडी एकमेकांवर आपटतात.

आता माझा दुसरा राग: इन्स्टंट ग्लू. माझ्या आवडत्या गुइनोमीची काठाची कपची उडाली, तेव्हा मीही तेच केलं. महिनाभरानं गरम साके ओतली आणि कपची ओठावर आली. मग किंत्सुगीच्या, म्हणजे फुटलेलं भांडं जोडून सांधा सोन्यानं मढवायच्या कलेच्या, वर्गात गेले. तिथल्या बाईंनी पेला पाहिला आणि काही न बोलता ॲसिटोनची बाटली पुढे सरकवली. आधी तो सगळा ग्लू काढायचा, कारण ग्लूवर उरुशी धरत नाही. खऱ्या किंत्सुगीत जोड उरुशीचा, म्हणजे एका झाडाच्या चिकाचा. तो गव्हाच्या पिठात कालवून लावतात. तो हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो, म्हणून ओलं फडकं ठेवलेल्या खोक्यात पेला ठेवायचा. नुसत्या जोडाला दोनेक आठवडे. मग भर, घासणं, लाल उरुशी आणि शेवटी सोन्याची पूड. माझ्या पेल्याला तीन महिने लागले. मनगटावर पुरळ आलं ते वेगळं. बिब्बा उततो ना, अगदी तसं. दोन्ही झाडं एकाच कुळातली. हातमोजे घाला.

‘एका तासात किंत्सुगी’च्या किटमध्ये बहुधा इपॉक्सी आणि पितळी पूड असते. शोभेच्या वस्तूला चालेल. ज्यातून प्यायचं त्याला लावू नका.

छोट्या फुलदाणीत नळाखाली पाणी भरायला जाल तर हवा अडकते आणि पाणी बाहेरच सांडतं. औषधाचा ड्रॉपर वापरा. झिलई नसलेली असेल तर खाली बशी ठेवा, ती पाझरते. आत शेवाळ धरलं तर चिमूटभर कच्चे तांदूळ आणि कोमट पाणी घालून हलवा. ब्रश घालायचा प्रयत्न करू नका. मी एकदा घातला होता, अजून आतच आहे.