स्थलांतरितांच्या वस्तीत संसर्गरोगांची तपासणी : या चुका टाळा

वस्तीतले तपासणी शिबिर आटोपले की छायाचित्रे निघतात, तपासलेल्या माणसांचा आकडा अहवालात जातो आणि सगळे समाधानाने घरी परततात. त्या आकड्यातल्या किती जणांचे निदान पक्के झाले आणि किती जणांचे औषध सुरू झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1968 साली चाळणी तपासणीचे, म्हणजे वरवर निरोगी दिसणाऱ्यांतून संभाव्य रुग्ण वेगळे काढण्याचे, जे निकष मांडले, त्यांत निदानाची आणि उपचाराची सोय आधीपासून उपलब्ध असावी ही अट स्पष्ट शब्दांत आहे. तरीही तंबू आधी ठोकायचा आणि रुग्णाला पुढे कोठे पाठवायचे हे नंतर पाहायचे, हा उलटा क्रम मी वारंवार पाहतो. नव्या उत्साही कार्यकर्त्यांना माझे पहिले सांगणे असते की, ज्या दवाखान्यात रुग्ण पाठवणार तेथील डॉक्टरांशी बोलणे झाल्याशिवाय शिबिराची तारीख ठरवू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नोंदणीच्या टेबलापाशी ठेकेदाराला बसवणे. त्यात सोय असते हे मान्य, कारण माणसे तोच बोलावतो, रांग तोच लावतो आणि नावेही त्यालाच ठाऊक असतात. बांधकाम मजुरांच्या एका वस्तीत एका संस्थेने असेच शिबिर भरवले होते. रांगेत उभा असलेला एक तरुण सतत खोकत होता, पण टेबलापाशी पोहोचताच त्याने तोंडावर गमछा दाबला आणि खोकला नसल्याचे सांगितले. ठेकेदार फोनवर बोलत बाजूला गेला, तेव्हा तोच तरुण हळू आवाजात विचारू लागला की ही तपासणी दुसरीकडे कोठे होते का. आजार उघड झाला तर काम जाईल, ही त्याची भीती होती आणि ती निराधार नव्हती.

त्या शिबिराची खरी फजिती पुढेच झाली. प्रयोगशाळेचे अहवाल हाती आले तोवर स्लॅबचे काम संपून वस्ती उठली होती. संपर्कासाठी नोंदवही उघडली, तर फोनच्या रकान्यात पानामागून पान ठेकेदाराचाच क्रमांक होता. मग अहवाल कळवायचा कोणाला? त्याला कळवला तर रुग्णाची गोपनीयता मोडते, आणि न कळवावा तर रुग्ण हातचा जातो. संस्थेच्या अहवालात मात्र ते शिबिर यशस्वी ठरले.

म्हणून नोंदणी एकेकट्याने, मालक आणि ठेकेदार यांच्या नजरेआड व्हावी असा माझा आग्रह असतो. मी प्रत्येकाकडून त्याचा स्वतःचा क्रमांक, गावाकडच्या एका माणसाचा क्रमांक आणि येथून पुढे कोठे व कधी जाणार याचे उत्तर घेतो. गावाकडच्या माणसाला काय सांगायचे आणि काय नाही, हेही त्याच वेळी विचारून घेतो. यात वेळ जातो आणि घाईतल्या मंडळींना तो वाया गेल्यासारखा वाटतो, पण नंतरच्या शोधाशोधीपेक्षा तो पुष्कळ कमी असतो. कागदपत्रांची चौकशी तर आरोग्य तपासणीच्या टेबलावर होताच कामा नये. नोंदी पोलिसांकडे किंवा परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेकडे जातील अशी शंका एकदा आली की पुढच्या वेळी वस्तीची दारे बंदच दिसतात.

दुसरी चूक गणिताची आहे. चाळणीत पॉझिटिव्ह आलेला माणूस रुग्णच, असे धरून त्याला तसे सांगितले जाते. समजा, 1000 जणांत एखादा आजार खरोखर 10 जणांना आहे आणि चाचणीची संवेदनशीलता (रुग्णाला रुग्ण म्हणून ओळखण्याचे प्रमाण) 90 टक्के, तर विशिष्टता (निरोग्याला निरोगी ठरवण्याचे प्रमाण) 95 टक्के आहे. ती चाचणी 10 पैकी 9 रुग्ण पकडेल, पण उरलेल्या 990 निरोगी लोकांपैकीही जवळजवळ 50 जणांना पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर सहा-सात जणांत खरा रुग्ण एकच. आजार याहून विरळ असेल तर हे प्रमाण आणखी बिघडते. इतक्या माणसांना वस्तीत सर्वांदेखत ‘तुम्हाला टीबी आहे’ असे सांगून मोकळे होणाऱ्यांनी नुकसानभरपाईचा विचार एकदा तरी करावा. मी त्या टप्प्यावर ‘आणखी एक तपासणी लागेल’ एवढेच सांगतो, आणि तेही बाजूला घेऊन.

याच्या उलट टोकाची चूकही होते. खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे या चार प्रश्नांवर क्षयरोगाची तपासणी उरकली जाते. अनेक देशांतील प्रादुर्भाव सर्वेक्षणांत, जंतू सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांनी एकही लक्षण सांगितले नव्हते. शक्य तेथे छातीचा एक्स-रे जोडावाच. तो वाचायला तज्ज्ञ नसेल तर, 15 वर्षांवरील व्यक्तींसाठी संगणकीय वाचन वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केलेली आहे. त्यानंतर रेण्वीय चाचणीसाठी, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी, बेडका घ्यावा, आणि तो छातीतून खोकून काढलेला हवा. डबी हाती देऊन ‘थुंका’ म्हटले की लाळच येते. कसे खोकायचे ते समजावून, इतरांपासून दूर मोकळ्या हवेत नमुना घ्यावा.

क्षयाच्या सुप्त संसर्गाची (जंतू शरीरात आहेत, पण आजार नाही) त्वचा चाचणी 48 ते 72 तासांत वाचावी लागते, त्यामुळे दोन दिवसांनी जे तेथे नसतील त्यांना ती करण्यात अर्थ नाही. चाचणी वाचतानाही लाली मोजू नये, कडक झालेला उंचवटा मोजावा. रक्ताची चाचणी एका भेटीत होते, पण या दोन्ही चाचण्या सुप्त संसर्ग आणि सक्रिय आजार यांतला फरक सांगत नाहीत. प्रतिबंधक औषध देण्याआधी सक्रिय आजार नाही याची खात्री करावीच लागते.

हिपॅटायटिस सी बरा झाल्यावरही प्रतिपिंडे रक्तात राहतात, म्हणून विषाणू अजून रक्तात आहे का हे दाखवणाऱ्या आरएनए चाचणीशिवाय निदान करू नये. एचआयव्हीचे निदान एका जलद चाचणीवर सांगू नये. दुभाषी म्हणून घरातल्या मुलाला उभे करू नये. शिबिर कामाच्या वेळेत ठेवू नये, कारण रोजंदारी बुडवून कोणी येत नाही. फलकावर रोगाचे नावही लिहू नये. रक्तदाब आणि साखर यांची तपासणी सोबत ठेवली की रांगेत उभे राहणाऱ्यावर शिक्का बसत नाही.

उपचार सुरू असतानाच रुग्ण पुढच्या कामावर निघाला, तर त्याला रोखण्यात शक्ती घालवू नये. निदान, चाचण्यांचे निकाल, औषधांची नावे, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहिलेला कागद त्याच्या हाती द्यावा, नव्या ठिकाणी नोंद होईपर्यंत पुरतील इतकी औषधे बरोबर द्यावीत आणि तेथील दवाखान्याला आपणच फोन करावा. रुग्ण पोहोचला का, हे विचारायला पुन्हा एक फोन करावा, कारण पहिल्या फोनवर ‘हो, पाठवा’ असे सगळेच म्हणतात.