श्टॉकहाउझेनचा ‘क्लाव्हियरश्ट्यूक ११’ वाजवायला घेताना

जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेनच्या 1956च्या या पियानोरचनेत उलटायला पानं नाहीत. एकच भलामोठा कागद, त्यावर विखुरलेले 19 स्वरगट. नेहमीच्या स्टँडवर तो मावत नाही, कडा वाकतात. मागे पातळ फळी लावा.

नजर जाईल त्या गटापासून सुरुवात करा. पहिल्या गटाची लय, आवाजाची पातळी आणि आघाताची तऱ्हा (स्वर तोडून वाजवायचे की जोडून) तुम्हीच ठरवायची. प्रत्येक गटाच्या शेवटी तीन खुणा आहेत: लय (एकूण सहा प्रकार), पातळी, आघात. या खुणा पुढच्या गटासाठी असतात. इथेच बहुतेकांची गल्लत होते: खूण वाचली जाते, पण नजर नव्या गटावर पोचेपर्यंत विसरते. उपाय एकच. आधी खुणा मनात पक्क्या करा, मगच नजर हलवा.

कोणत्या गटाला कोणती लय येईल हे आधी कळत नाही, म्हणून सरावही तसाच हवा. प्रत्येक गट सहाही लयींत बसवा. अतिद्रुत लयीत बारीक छापलेले स्वर कोंबले जातात, बोटं अडकतात. तिथे कोणता स्वर कोणत्या बोटाने, ते पेन्सिलीने लिहून ठेवा.

तोच गट दुसऱ्यांदा आला तर कंसातल्या सूचना पाळा. त्या बहुधा सप्तक बदलायला सांगतात. तिसऱ्यांदा आला की वादन संपलं, मग काही गट वाजलेच नसले तरी चालेल. क्रम घरून ठरवून आणू नका, तो सरळ नियमभंग आहे. एकाच मैफलीत रचना दोनदा वाजवावी, अशी संगीतकाराचीच सूचना आहे.