बास गिटारची नेक: लॅकर कुठे, तेल कुठे

नेकला, म्हणजे बासच्या लांब दांड्याला, तेल लावावे की नाही, हे लाकडाच्या जातीपेक्षा त्यावर आधीच काय चढवले आहे यावर अवलंबून असते. फिकट मेपल बोटांचा मळ शोषून लवकर काळवंडते. म्हणूनच १९५१ साली आलेल्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासच्या मेपल नेकवर, फ्रेटबोर्डासकट (जिथे बोटांनी तारा दाबतात त्या वरच्या पट्टीसकट), लॅकर, म्हणजे कडक पारदर्शक लेप, दिलेले असे. रोझवूड, म्हणजे आपले शिसवी, मुळातच गडद आणि तेलकट असल्याने त्याचे फ्रेटबोर्ड बहुधा उघडेच ठेवतात.

नेकची पाठ चकचकीत असेल, तर घामाने अंगठा अडखळतो. त्यासाठी लॅकर खरवडून काढण्याची गरज नाही, चकाकी मोडली तरी पुरते. नेक ओलसर फडक्याने पुसून वाळू द्यावी आणि पिकअपवर (तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागांवर) मास्किंग टेप लावावी, कारण स्टील वूलचा, म्हणजे घासायच्या बारीक पोलादी तंतूंचा, चुरा त्यांच्या चुंबकांना चिकटला की निघता निघत नाही. मग ०००० क्रमांकाचे, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल हलक्या हाताने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावे आणि पृष्ठभाग एकसारखा धुरकट दिसू लागताच थांबावे. काही महिन्यांनी हाताच्या घर्षणाने चकाकी परतते. तेव्हा हेच पुन्हा करावे.

लॅकर पूर्ण काढून तेल देण्याचा मार्गही आहे. म्युझिक मॅन कंपनीच्या अनेक बासच्या नेकवर तेल आणि मेणच असते. स्पर्श सुरेख लागतो, पण दमटपणा रोखण्यात तेल लॅकरची बरोबरी करत नाही, त्यामुळे मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मी तरी हा सल्ला देणार नाही. तरीही करायचेच असेल, तर अगदी पातळ हात द्यावा, जादा तेल लगेच पुसावे आणि पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात द्यावा. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

उघड्या रोझवूडला तारा बदलताना लेमन ऑइलचे दोन-चार थेंब फडक्यावर घेऊन लावावेत आणि काही मिनिटांनी कोरडे पुसावे. वर्षातून दोनदा पुरे. लॅकर दिलेल्या मेपलवर हे तेल आत जिरतच नाही.

फ्रेटलेस, म्हणजे फ्रेटबोर्डावर धातूच्या आडव्या पट्ट्या नसलेल्या, बासची गोष्ट वेगळी: राउंडवाउंड (खडबडीत पृष्ठभागाच्या) तारा लाकडालाच चरे पाडतात, म्हणून बासवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या फेंडर जॅझ बासच्या फ्रेटबोर्डावर नौकांसाठीचे इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारे रेझिन, चढवले होते. घरी तो खटाटोप करण्यापेक्षा फ्लॅटवाउंड (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) तारा चढवणे सोपे आणि स्वस्त पडते.