व्हर्च्युअल मशीनले कोअर द्यायचे किती?

कृषी केंद्रवाल्यांकडं नाही तं सेतूवाल्याकडं एखादं तरी जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर असतेच जे विंडोज 7 सोडून कुठंच चालत नाही, मंग लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) टाकतात अन प्रोसेसरचा स्लायडर ओढून देतात पार शेवटपर्यंत. जास्त कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) म्हणजे जास्त फास्ट, असं वाटते. तसं होत नाही भाऊ.

आधी लॅपटॉपचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधी सीपीयू पाहा, तिथं कोअर अन लॉजिकल प्रोसेसर असे दोन आकडे दिसतात. हिशोब कोअरच्या आकड्यावर करा. आय5-8250यू प्रोसेसरमधी लॉजिकल 8 दिसतात पण खरे कोअर 4च आहेत. 4 असले तं मशीनले 2 द्या, 2च असले तं 1 देऊन पाहा. विंडोज 11 ले मात्र कमीत कमी 2 लागतातच, त्यामुळं 2 कोअरच्या लॅपटॉपवर त्याच्या नादी लागू नका.

काहून सगळे नाही द्यायचे? अहो स्क्रीन, डिस्क, नेट हे सगळं शेवटी होस्टच, म्हणजे खरा लॅपटॉपच पाहते, त्याले कोअर नाही उरला तं दोघंही अडकतात. डीपीवर सगळ्यांनी एकदाच मोटारी चालू केल्या तं कोणाच्याच विहिरीचं पाणी वर येत नाही, तसंच.

बदलायचं असन तं मशीन पूर्ण शटडाऊन करा, सेव्ह करून ठेवलेलं चालत नाही. सेटिंग, सिस्टिम, प्रोसेसर. पट्टी लाल झाली की समजा अती झालं.

आता खरी गोष्ट. मशीन स्लो वाटून राह्यली तं मशीनच्या आतला टास्क मॅनेजर पाहा, आत लिनक्स असन तं टर्मिनलमधी टॉप (top) कमांड लावून 1 दाबा. 4 कोअर दिले अन वापर 25 टक्क्यांवरच अडकून आहे, म्हणजे प्रोग्राम बहुतेक एकाच कोअरवर चालून राह्यला, जुने बिलिंगवाले तसेच असतात, त्याले अजून 4 दिले तरी काही फरक पडणार नाही. सगळे कोअर कामाच्या वक्ती फुल्ल दिसले तरच एक वाढवा. अन डिस्क 100 वर दिसली तं कोअरले हातच लावू नका, एसएसडीचे पैसे जमवा.

मे महिन्यात अकोल्याकडं पारा 45 च्या आसपास जाते, तेव्हा प्रोसेसर तापला की स्वतःच स्पीड कमी करते, अशा वक्ती मशीनचा एक कोअर कमीच करून पाहा. लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका पण, ओली हवा आत जाते.