सेव्हऑल वापरूनही इन्सर्ट रखडतात, तेव्हा

आमच्याकडे जळगावात नव्याने कामाला लागलेल्या पोरांच्या हाती बहुतेक वेळा पहिलं काम येतं ते जिनिंगच्या काटापावत्यांचं. गाडी नंबर, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, कापसाचा भाव. हंगामभराच्या पावत्या एक्सेलमधून स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमार्फत पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये चढवायच्या. पोरं सेव्हऑल (सगळ्या ओळी एका हाकेत साठवणारी स्प्रिंगची मेथड) लावतात आणि ते तासन्‌तास चालत राहतं.

सेव्हऑलच्या नावावर जाऊ नका. आत तो एकेका पावतीसाठी सेव्हच मारतो. फक्त सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे शेवटी एकदाच पक्कं होणाऱ्या व्यवहारात, जातं, आणि हा फायदाही लहान नाही. सुटं सेव्ह लूपमध्ये मारलं की दर ओळीला वेगळं कमिट (व्यवहार पक्का करणं), आणि दर कमिटला डेटाबेसचा लॉग डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं आलंच.

पुढे हायबरनेटच्या (जावा ऑब्जेक्ट टेबलात उतरवणाऱ्या ओआरएमच्या) सेटिंगमध्ये जेडीबीसी बॅच साइझ, म्हणजे एका फेरीत किती इन्सर्ट पाठवायचे तो आकडा, 50 करा. खरी गोम इथे आहे. आयडीवर जनरेशनटाइप आयडेंटिटी (आयडी टेबलानेच द्यायचा) असेल, तर हे सेटिंग मुकाट्याने निकामी होतं. एरर येत नाही, म्हणून पोरं दुसरीकडेच शोधत बसतात. आयडेंटिटीत आयडी मिळतो तो ओळ टेबलात गेल्यावरच. हायबरनेटला मात्र तो लगेच हवा असतो, त्यामुळे इन्सर्ट साठवून एकदम पाठवणं त्याला जमत नाही. त्याऐवजी सीक्वेन्स (डेटाबेसमधला आकडे देणारा वेगळा काउंटर) लावा. अलोकेशनसाइझ, म्हणजे एका वेळी किती आयडी राखायचे, तो मुळातच 50 असतो. डेटाबेसमधल्या सीक्वेन्सची वाढही 50 ठेवा, म्हणजे पन्नास आयडी एका फेरीत मिळतात.

पावती नंबरच आयडी केला असेल तर हायबरनेटचा एसक्यूएल लॉग उघडा. इन्सर्टच्या आधी सिलेक्टची रांग दिसेल. आयडी भरलेला बघून स्प्रिंग ती पावती जुनी समजतो आणि आधी टेबलात शोधतो. एंटिटीला (पावतीच्या जावा क्लासला) स्प्रिंगचा पर्सिस्टेबल इंटरफेस लावून ‘ही नवी आहे’ असं आपणच सांगायचं.

दर बॅचनंतर फ्लश (साठलेलं डेटाबेसकडे पाठवणं) आणि क्लिअर (हायबरनेटची मेमरी रिकामी करणं) करा, नाहीतर सगळ्या पावत्या मेमरीत साचतात. पोस्टग्रेसच्या जोडणीत रीराइटबॅच्डइन्सर्ट्स चालू केलंत की ड्रायव्हर अनेक ओळींचा मिळून एकच इन्सर्ट करतो. आणि लाखो ओळी नुसत्या ओतायच्याच असतील, तर माझं स्पष्ट मत आहे: ओआरएम बाजूला ठेवा, पोस्टग्रेसची कॉपी कमांड वापरा.

प्रत्येक बदलानंतर हायबरनेटचं स्टॅटिस्टिक्स चालू करून बघा. जेडीबीसी बॅचचा आकडा शून्य दिसला, तर परत आयडीकडे या.