परमेश्वराची वाणी ओळखायला शिकताना

‘या बाबतीत प्रभूची इच्छा काय आहे?’ हा प्रश्न आपल्या मंडळ्यांमध्ये वारंवार विचारला जातो, पण बहुधा फार उशिरा विचारला जातो. नोकरीचा करार सहीसाठी समोर आलेला असतो किंवा स्थळाकडची माणसे उत्तर मागत असतात, आणि त्या आठवड्यात आपण प्रार्थनेला बसतो. वाणीची ओळख त्या आठवड्यात होत नाही. ती त्याआधीच्या साध्या, विशेष काही न घडणाऱ्या दिवसांत होत असते. ‘माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात’ असे प्रभू येशू योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात म्हणतो, आणि परक्याची वाणी ओळखीची नसल्यामुळे ती त्याच्यामागे जात नाहीत, असेही तेथेच सांगतो. धनगराच्या हाकेसरशी कळप वळताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वचन उलगडून सांगावे लागत नाही. म्हणून येथे सांगितलेला मार्ग रोजच्या सहवासापासून सुरू होतो आणि निर्णयापाशी नंतर पोहोचतो.

दिवसातील एक वेळ ठरवावी, शक्य असल्यास घर जागे होण्याआधीची, आणि त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. वीस मिनिटे पुरेशी आहेत. सुरुवात शुभवर्तमानापासूनच करावी, कारण देव कसा आहे हे ख्रिस्ताच्या चालण्याबोलण्यात जितके उघड दिसते तितके अन्यत्र कोठेही दिसत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाचे सोळा अध्याय क्रमाने वाचावेत. दहा-पंधरा वचनांचा एक उतारा घेऊन तो प्रथम मनात आणि नंतर सावकाश, मोठ्याने वाचावा. शास्त्र, म्हणजे बायबल, कोठेही उघडून बोट पडेल ते वचन ‘आजचा संदेश’ म्हणून घेण्याची सवय मात्र कटाक्षाने टाळावी. त्यात बहुतेक वेळा आपल्या त्या दिवसाच्या मनःस्थितीलाच वचनाचा आधार मिळतो. वाचून झाल्यावर वहीत एकच ओळ लिहावी: या उताऱ्यात प्रभूला कशाचा कळवळा आला, कशाचा राग आला, किंवा त्याने कोणाला जवळ घेतले. अशा ओळी साठत गेल्या की त्याच्या स्वभावाची ओळख पटू लागते, आणि पुढे मनात एखादा आवाज उठला तर तो या स्वभावाशी जुळतो की नाही, हे ताडून पाहता येते.

मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनाला थोडा अधिक वेळ द्यावा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. तो वाचताना टिळक या प्रवचनापाशी येऊन थांबले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासारख्या विद्वान कवीलाही वाचन, शंका, पत्रव्यवहार आणि घरच्या दुःखासह दोन वर्षांचा काळ लागला. पंडिता रमाबाईंची साक्ष तर याहून बोलकी आहे. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडायचा होता. काही महिन्यांत काहीच ‘ऐकू’ आले नाही म्हणून निराश होणाऱ्याने या दोन चरित्रांकडे पाहावे.

बालक शमुवेलाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत ऐकलेली असते, पण तिच्यातील एक तपशील निसटून जातो. तो मंदिरात झोपत होता, सेवेत होता, तरीही परमेश्वराची हाक त्याला एलीची, म्हणजे तेथल्या वृद्ध याजकाची, हाक वाटली. तो एकदा नव्हे, तीनदा उठून एलीकडे धावला. ही चूक त्याच्यावर दोष म्हणून लादलेली नाही. परमेश्वराचे वचन त्याला अजून प्रकट झाले नव्हते, एवढेच शास्त्र सांगते. चौथ्या वेळी हाक आली, म्हणजे बोलणाऱ्याने धीर सोडला नव्हता. शिकणाऱ्याच्या चुकीमुळे देव बोलायचे थांबवतो, ही भीती मनातून काढून टाकावी.

आता निर्णयाकडे वळू. येथे पहिली पायरी ऐकण्याची नसते. आपली इच्छा मोकळी करण्याची असते. यिर्मयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात यरुशलेमेच्या नाशानंतर मागे उरलेले लोक संदेष्ट्याकडे येतात आणि उत्तर बरे असो की वाईट, आम्ही मानू, अशी शपथ घेतात. दहा दिवसांनी उत्तर येते: याच देशात राहा, मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊ नका. ते ऐकताच लोक यिर्मयाला खोटा ठरवतात, कारण मिसरात जाण्याचे त्यांनी आधीच ठरवलेले असते. म्हणून वहीच्या एका पानावर आपल्याला मनापासून काय हवे आहे ते स्वच्छ लिहावे, आणि त्याखाली लिहावे की याच्या उलट उत्तर आले तर मला नेमके कशाचे दुःख होईल. ते दुःख नाव घेऊन प्रभूपुढे ठेवावे. दोन्ही उत्तरे स्वीकारण्याइतके मन सैल होईपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये. या पायरीला लागतो तितका वेळ द्यावा, कारण बाकीच्या सर्व पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत.

मनातील हालचाली कशा वाचाव्यात, हे लोयोलाच्या इग्नातियस या सोळाव्या शतकातील स्पॅनिश कॅथलिक संताइतके बारकाईने फार थोड्यांनी सांगितले आहे, आणि आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्याची शिकवण फारशी पोहोचली नाही याचे मला वाईट वाटते. १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने या सरदाराचा पाय मोडला. घरी पडून असताना त्याला शौर्यकथा हव्या होत्या, पण हाती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे आली. त्याच्या लक्षात एक गोष्ट आली: पराक्रमाची आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवताना त्याला आनंद व्हायचा, मात्र ती ओसरल्यावर मन कोरडे पडायचे; उलट संतांप्रमाणे प्रभूची सेवा करण्याचे विचार मनात घोळले, की नंतरही समाधान टिकून राहायचे. पुढे मानरेसा येथे त्याला रात्री झोपेच्या वेळी अतिशय सुंदर आध्यात्मिक विचार सुचू लागले. ते विचार पवित्र दिसत होते, पण त्यांच्यामुळे आधीच थोडी असलेली झोप बुडत होती. तेव्हा त्याने ते बाजूला सारून झोपणे पसंत केले.

यातून दोन कामे करता येतात. एक म्हणजे दोन्ही पर्याय आळीपाळीने जगून पाहणे. समजा, मिरजेतील एका परिचारिकेला आखाती देशातील रुग्णालयाची नोकरी चालून आली आहे. तिने तीन-चार दिवस ‘मी जाणार’ असे धरून दिवसाची कामे करावीत आणि रोज रात्री लिहावे: सकाळी प्रार्थनेत मन कसे होते, आईच्या औषधाची वेळ आली तेव्हा काय वाटले, पगाराचा आकडा आठवला तेव्हा काय वाटले, आणि त्यानंतर तासाभराने काय उरले. मग तितकेच दिवस ‘मी राहणार’ असे धरून तसेच लिहावे. दोन्ही पाने शेजारी ठेवली की पहिला उत्साह आणि टिकणारे समाधान यांतला फरक दिसू लागतो. दुसरे काम म्हणजे उदासीच्या काळात, प्रार्थना रुक्ष झालेली असताना, आधी प्रसन्न मनाने केलेला निश्चय न बदलणे. हा इग्नातियसचाच नियम आहे आणि त्याने अनेकांना खड्ड्यात पडण्यापासून वाचवले आहे.

मात्र ‘मला शांती वाटते’ एवढ्यावर विसंबू नये. परमेश्वरापासून पळणारा योना वादळातही जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. चुकीच्या वाटेवर असलेल्या माणसाशी देवाचा आत्मा बोचून बोलतो, आणि ती अस्वस्थता हीच त्या वेळी त्याची वाणी असते. तरीही बोचणीत फरक असतो. पवित्र आत्मा नेमके पाप दाखवतो आणि परतीची वाट उघडी ठेवतो; प्रभूला तीनदा नाकारलेल्या पेत्राला तिबिर्याच्या सरोवरापाशी प्रभूने ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हा एकच प्रश्न तीनदा विचारला आणि प्रत्येक वेळी कळप सोपवला. ‘तू कधीच सुधारणार नाहीस’ असे सरसकट, वाट बंद करणारे शब्द मनात घुमत असतील, तर ते त्या मेंढपाळाचे नाहीत.

यानंतर परीक्षा येते. ‘सर्व गोष्टींची पारख करा’ असे पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, तेव्हा तपासणी म्हणजे अविश्वास, ही समजूत सोडून द्यावी. ऐकलेली गोष्ट ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध असेल तर विषय तेथेच संपतो. कोणाला फसवा, आईबापांना टाका, द्वेष करा, असे तो सांगत नाही. नंतर ती एका प्रौढ विश्वासणाऱ्यासमोर ठेवावी. हा माणूस निवडताना पुन्हा एलीकडे पाहावे: शमुवेलाला मिळालेला संदेश एलीच्याच घराण्याच्या शिक्षेचा होता, तरी त्याने तो दडवू दिला नाही आणि ऐकल्यावर ‘तो परमेश्वर आहे’ म्हणून मान्य केला. आपल्या निर्णयात ज्याचा काही स्वार्थ नाही, किंवा असला तरी जो तो बाजूला ठेवू शकतो, अशीच व्यक्ती हवी. पाळकच असले पाहिजे असे नाही. कित्येकदा मंडळीतील एखादी वृद्ध मावशी अधिक नेमके विचारते.

खूण मागण्याविषयीही थोडे सांगायला हवे. गिदोनाने रात्री लोकर पसरून तिच्यावरच दव पडावे अशी खूण देवाकडे मागितली, पण इस्राएलाला सोडवण्याची आज्ञा त्याला आधीच मिळालेली होती, हे विसरून आपण लोकरी पसरत बसतो. यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय मला याहून चांगला नमुना वाटतो. नगराला वेढा पडलेला, संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि त्याला कळते की चुलतभाऊ हनामेल येऊन अनाथोथचे शेत विकत घे म्हणेल. हनामेल खरोखर येतो, आणि तेव्हा यिर्मया म्हणतो की हे परमेश्वराचे वचन आहे हे मी जाणले. संदेष्ट्यालाही खात्री नंतर पटली. मग त्याने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदार बोलावले आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले. कळलेली गोष्ट वहीत तारीख घालून लिहावी आणि घटना तिला दुजोरा देतात का, हे पाहत थांबावे.

काही बाबतींत मर्यादा पाळाव्यात. ‘तू माझ्याशी लग्न करावेस असे देवाने मला सांगितले’ किंवा ‘तू इतके दान द्यावेस असे मला दाखवले आहे’ असे कोणी म्हणाल्यास त्या ओझ्याखाली उत्तर देऊ नये. सांगणाऱ्याला ऐकू आले असेल, तर ज्याच्या जीवनाचा प्रश्न आहे त्यालाही कळू द्यावे. आणि कोणाला प्रत्यक्ष कानांनी आवाज ऐकू येत असतील, ते स्वतःला किंवा इतरांना इजा करायला सांगत असतील, झोप उडाली असेल, तर त्याला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. औषध घेणे आणि प्रार्थना करणे यांत विरोध नाही, आणि अशा घरावर विश्वासाच्या कमतरतेचा ठपका ठेवणे हे क्रूर आहे.

निर्णय झाला की पाऊल टाकावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौलाला आधी आसिया प्रांतात, मग बिथुनियात जाण्यास मज्जाव झाला. त्रोवसात रात्री त्याला ‘मासेदोनियात ये’ अशी विनंती करणाऱ्या माणसाचा दृष्टांत झाला, आणि सोबत्यांसह अनुमान बांधून तो लगेच मासेदोनियाला निघाला. तेथे फिलिप्पैत त्याला फटके बसले आणि बेडीत पाय अडकले. म्हणून पहिली अडचण येताच ‘मी चुकीचे ऐकले’ असे ठरवू नये. वही उघडून त्या तारखेचे पान वाचावे, ज्या व्यक्तीसमोर विषय ठेवला होता तिच्याकडे पुन्हा जावे, आणि नवे वचन मिळेपर्यंत मिळालेल्या वचनाप्रमाणे काम चालू ठेवावे.